सोशल सिक्युरिटीतली जीपीओची कपात गेली, पण अर्ज आपला आपणच करायचा

प्रेषक: सु. जो., ज्येष्ठ सभासद गट

नमस्कार मंडळी,

गटात सध्या दोन प्रश्न पुन्हा पुन्हा निघताहेत, म्हणून यादीवर टाकते.

कॅलिफोर्नियात शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणींना कॅलस्टर्सची (तिथल्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन संस्थेची) पेन्शन आहे आणि नवऱ्याला सोशल सिक्युरिटी, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचं निवृत्तिवेतन. "नवऱ्याच्या रेकॉर्डवर तुम्हाला काही मिळायचं नाही" असं ऐकून त्यांनी त्याच्या कमाईच्या नोंदीवरून बायकोला मिळणाऱ्या वाट्यासाठी कधी अर्जच केला नाही. अशा पेन्शनवाल्यांची कपात रद्द करणाऱ्या नव्या कायद्यानंतर त्यांचे पैसे आपोआप सुरू व्हायला हवेत का?

दुसरा प्रश्न महाराष्ट्र शासनाची किंवा तिकडच्या बँकेची पेन्शन असलेल्यांचा. इथेही दहा-बारा वर्षं नोकरी झाली आहे. त्यांची रक्कम बरोबर वाढली का, हे कसं पडताळायचं?

प्रेषक: वि. का.

ताई, पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण तिथे महिन्यागणिक पैसे बुडताहेत. आपोआप काहीही सुरू होत नाही. ज्यांनी अर्जच केला नव्हता, त्यांची सोशल सिक्युरिटीकडे नोंदच नाही, मग पैसे पाठवणार कुणाला?

सोशल सिक्युरिटी फेअरनेस कायद्यावर ५ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडन यांची सही झाली. त्याने दोन कपाती रद्द केल्या. डब्ल्यूईपी (विंडफॉल एलिमिनेशन प्रोव्हिजन) माणसाच्या स्वतःच्या निवृत्तीच्या रकमेला लागायची, जीपीओ (गव्हर्नमेंट पेन्शन ऑफसेट) नवऱ्याच्या किंवा बायकोच्या रेकॉर्डवर मिळणाऱ्या रकमेला. दोन्ही जानेवारी २०२४ पासूनच्या रकमांना लागू नाहीत. ज्यांची रक्कम आधीपासून चालू होती आणि कपून येत होती, त्यांना फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीपासून थकबाकी मिळू लागली आणि एप्रिलपासून वाढीव हप्ता. अर्ज करून ठेवला होता पण जीपीओमुळे हातात शून्य पडत होतं, अशांचंही तसंच झालं. राहिल्या त्या अर्ज न केलेल्या.

आकड्यांत सांगतो. समजा, कॅलस्टर्सची पेन्शन महिना ३,६०० डॉलर आहे. जीपीओ त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे २,४०० डॉलर, वजा करायचा. नवऱ्याची पूर्ण निवृत्तीवयाची (जन्मवर्षानुसार ठरणारं, पूर्ण रक्कम मिळण्याचं वय) मूळ रक्कम २,६०० असेल, तर बायकोचा वाटा त्याच्या निम्मा, १,३००. त्यातून २,४०० वजा केल्यावर काहीच उरत नव्हतं. आता पूर्ण निवृत्तीवयाला अर्ज केला तर १,३०० मिळतात आणि कॅलस्टर्सच्या पेन्शनला धक्का लागत नाही. टेक्सास, इलिनॉय, ओहायोच्या शिक्षकांना आणि १९८४ च्या आधी केंद्र सरकारच्या नोकरीत लागून सीएसआरएस या तिथल्या जुन्या पेन्शन योजनेत राहिलेल्यांनाही हाच हिशेब लागू आहे.

पण एक नियम जसाच्या तसा आहे आणि तिथे पुष्कळांची निराशा होते. स्वतःच्या नोकरीची सोशल सिक्युरिटी असेल तर ती आधी मोजतात आणि नवऱ्याच्या रेकॉर्डवरून फक्त वरचा फरक देतात. याच शिक्षिकेची स्वतःची ४५० डॉलर असेल, तर वरून ८५० मिळतील. एकूण १,३००च, १,७५० नव्हे. हा नियम सगळ्या अमेरिकेला लागू आहे, सरकारी पेन्शनशी त्याचा संबंध नाही.

पुढचे मुद्दे अर्ज करणारीने नीट वाचावेत. नवऱ्याची स्वतःची रक्कम सुरू झालेली असल्याशिवाय बायकोचा वाटा सुरू होत नाही. पूर्ण निवृत्तीवयानंतर थांबून हा वाटा वाढत नाही, नवरा ७० पर्यंत थांबला तरी नाही. त्यामुळे वय उलटून गेलेल्या बाईने आणखी थांबण्यात निव्वळ तोटा आहे. मागचे पैसे फार तर सहा महिन्यांचे मिळतात, तेही पूर्ण निवृत्तीवय झाल्यानंतरच्या महिन्यांचे. जानेवारी २०२४ पर्यंत मागे जाता येईल, या भरवशावर कुणीही राहू नये.

हा अर्ज निवृत्तीच्या ऑनलाइन अर्जातूनच करता येतो. फोन करायचा तर १-८००-७७२-१२१३. कागदपत्रांत लग्नाचा दाखला हवा, आणि आपली गाडी इथेच अडते. मूळ दाखला किंवा तो देणाऱ्या कार्यालयाची प्रमाणित प्रत लागते. झेरॉक्स चालत नाही, नोटरीचा शिक्का मारलेलीसुद्धा नाही. जुन्या लग्नांची नोंदणीच झालेली नसते. तशा वेळी दाखला का नाही ते लिहून द्यायचं आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींचं सहीचं निवेदन किंवा दुसरा खात्रीलायक पुरावा जोडायचा. लग्नानंतर नाव बदललेलं असतं, कधी माहेरच्या नावात वडिलांचं नाव मधे असतं, कधी नसतं. पासपोर्ट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आणि सोशल सिक्युरिटी कार्ड यांवरची नावं आधीच जुळवून पाहा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी अर्धंच देतो, बाकीचं मो. भा. लिहितील. सोशल सिक्युरिटीची रक्कम सरासरी मासिक कमाईचे टप्पे पाडून मोजतात; डब्ल्यूईपीमुळे त्यातल्या पहिल्या टप्प्याची टक्केवारी ९० वरून ४० पर्यंत खाली यायची. २०२४ मध्ये ६२ वर्षांच्या झालेल्या माणसासाठी हा टप्पा १,१७४ डॉलरचा होता, म्हणजे जास्तीत जास्त कपात ५८७ डॉलर. इथे भरीव पगाराची २० वर्षं झाल्यानंतर ती दरवर्षी घटत जायची, ३० वर्षं झाली की संपायची.

प्रेषक: मो. भा.

वि. का. यांच्या मुद्द्यांत भर घालतो.

भारतातली पेन्शन डब्ल्यूईपीत धरली जायची, कारण त्या नोकरीच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचा कर गेलेला नसतो. अर्जाच्या वेळी परदेशी पेन्शनचा एसएसए-३०८ फॉर्म भरून घेत, तो हाच. मात्र कपात त्या पेन्शनच्या निम्म्याहून जास्त करता येत नव्हती. महाराष्ट्र शासनाची पेन्शन दरमहा ४०,००० रुपये असेल, तर २०२४ च्या दराने ती साधारण ४८० डॉलर. मग कपात फार तर २४० डॉलरच्या आसपास, ५८७ नव्हे. त्यामुळे "शेजाऱ्याचे साडेपाचशे वाढले, माझे दोनशेच का" या शंकेचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. पडताळण्यासाठी माय सोशल सिक्युरिटी खात्यातून जुनं आणि नवं पत्र काढा, दोन्हींतली मेडिकेअरचा (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा) हप्ता वजा होण्याआधीची रक्कम बघा. हातात येणाऱ्या रकमेची तुलना करू नका, मेडिकेअरच्या पार्ट बीचा हप्ताही दरवर्षी बदलतो. नवऱ्याची मूळ रक्कम वाढली की त्यावरचा बायकोचा वाटाही वाढायला हवा. तो वाढला नसेल तर फोन करून विचारा.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. जीपीओ फक्त अमेरिकेतल्या केंद्र, राज्य आणि स्थानिक सरकारांच्या पेन्शनला लागायचा. भारत सरकारच्या, महाराष्ट्र शासनाच्या किंवा स्टेट बँकेच्या पेन्शनला तो कधीच लागत नव्हता. तिकडची पेन्शन आहे म्हणून नवऱ्याच्या रेकॉर्डवर अर्ज न केलेल्या बायका नाहक वंचित राहिल्या. त्यांनी लगेच अर्ज करावा. सोशल सिक्युरिटीच्या कर्मचाऱ्यानेच चुकीची माहिती दिली म्हणून अर्ज राहिला असेल, तर जुनी तारीख धरण्याची तरतूद नियमांत आहे. कधी, कुणाशी, काय बोलणं झालं ते लिहून द्यायचं आणि पत्र किंवा टिपण असेल तर जोडायचं.

नव्या कायद्याने भारतातल्या नोकरीची वर्षं इथे धरली जात नाहीत, हेही स्पष्ट असू द्या. अमेरिकेचा भारताशी सामाजिक सुरक्षेचा करार नाही. स्वतःच्या निवृत्तिवेतनासाठी इथलेच ४० क्रेडिट लागतात. २०२५ मध्ये एका क्रेडिटला १,८१० डॉलरची कमाई लागत होती; वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. ३६ वर अडकलेल्यांना एक वर्ष अर्धवेळ काम करून ते पुरे करता येतात.

एकरकमी थकबाकीवरचा कर बऱ्याच जणांना अनपेक्षित असतो. ती रक्कम ज्या वर्षी हातात आली त्या वर्षीच्या एसएसए-१०९९ वर (सोशल सिक्युरिटीच्या वार्षिक विवरणपत्रावर) दिसते आणि तिचा ८५ टक्क्यांपर्यंत भाग करपात्र ठरू शकतो. आयकराच्या १०४० फॉर्मवर ६सी ओळीत लम्प-सम इलेक्शनची खूण आहे. ती केल्यास आधीच्या वर्षाचा भाग त्या वर्षीच्या उत्पन्नाबरोबर मोजता येतो. दोन्ही पद्धतींनी हिशेब करा आणि कमी येईल तो घ्या. २०२५ चं उत्पन्न २०२७ च्या मेडिकेअरच्या हप्त्यात धरतात, त्यामुळे तिथेही जादा आकार लागू शकतो. एकरकमी रक्कम मिळणं हे एसएसए-४४ (हा जादा आकार कमी करून मागण्याचा फॉर्म) च्या यादीतलं कारण नाही, तो फॉर्म भरून हा आकार सुटत नाही. नव्याने सुरू झालेल्या हप्त्यातून कर कापून घ्यायचा असेल तर डब्ल्यू-४व्ही भरा: ७, १०, १२ किंवा २२ टक्के.

प्रेषक: सु. जो.

दोघांचेही आभार. आणखी एक विचारते. नवरा वारलेला असेल तर हिशेब बदलतो का?

प्रेषक: वि. का.

हो ताई, बराच बदलतो, आणि जीपीओ जाण्याचा सर्वांत मोठा फायदा तिथेच आहे. विधवेला पूर्ण निवृत्तीवयाला नवऱ्याची पूर्ण रक्कम मिळते, त्याने त्याच्या पूर्ण निवृत्तीवयानंतर थांबून वाढवलेल्या भागासकट. वरच्या उदाहरणात पूर्वी २,६०० मधून २,४०० जाऊन २०० उरायचे, आता २,६०० मिळतात. नवऱ्याने ६२ ला लवकर रक्कम सुरू केली असेल, तर तो घेत होता ती रक्कम किंवा त्याच्या मूळ रकमेचे साडेब्याऐंशी टक्के, यांतली मोठी ही कमाल मर्यादा असते.

हा अर्ज ऑनलाइन होत नाही, फोन करून वेळ घ्यावी लागते. मृत्यूचा दाखला लागतो, आणि मृत्यू भारतात झाला असेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा मूळ दाखला जवळ ठेवा.

विधवेची रक्कम ६० व्या वर्षापासून घेता येते, तेव्हा ती ७१.५ टक्के असते. बायकोचा वाटा आणि स्वतःची रक्कम यांचा अर्ज आता एकत्रच धरतात, पण विधवेच्या रकमेला ते बंधन नाही. म्हणून आधी विधवेची रक्कम घ्यायची, स्वतःची ७० पर्यंत वाढू द्यायची आणि ती मोठी झाली तर तिकडे वळायचं, हे करता येतं. फोनवर बोलताना "मला सध्या फक्त सर्व्हायव्हर बेनिफिटचा अर्ज करायचा आहे" असं स्पष्ट सांगा आणि तसं शेऱ्यात नोंदवून घ्या. नाहीतर दोन्ही अर्ज एकदम भरले जातात आणि पुढची वाढ जाते. ६० नंतर पुनर्विवाह केला तरी हा हक्क राहतो.

पूर्ण निवृत्तीवयाआधी नोकरी चालू असेल तर पगाराची मर्यादा आहे, त्याहून जास्त कमावलं तर रक्कम कापतात. २०२५ साठी ती वर्षाला २३,४०० डॉलर होती. कॅलस्टर्सची किंवा भारतातली पेन्शन त्या मर्यादेत मोजत नाहीत.