मदत हवी आहे: ध्वनिमुद्रण करताना डेस्कटॉपच्या पंख्याचा आवाज सतत वर-खाली होतो

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे काम मी नागपूरला घरूनच करते. ज्या डेस्कटॉपवर हे काम चालते, त्याच्या पंख्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये उतरतो. तो कसा आटोक्यात आणावा, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

यंत्राची माहिती अशी: प्रोसेसर रायझन ५ ५६००जी आणि त्याच्या खोक्यातूनच मिळालेला कूलर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. कॅबिनेटला पुढे एक आणि मागे एक, असे १२० मिलिमीटरचे दोन पंखे आहेत. विंडोज ११ वापरते.

यंत्र नुसते चालू असताना एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरचे तापमान ४६ ते ५० अंश सेल्सिअस दिसते. ब्राउझर उघडला किंवा मोठी फाइल सुरू केली, की ते क्षणात ६५ च्या वर जाते, पंखा जोरात फिरू लागतो, आणि काही सेकंदांनी दोन्ही पुन्हा खाली येतात. तयार झालेले प्रकरण एमपी३ स्वरूपात काढताना तापमान ८० पर्यंत पोहोचते. आमचा डेझर्ट कूलर चालू ठेवून ध्वनिमुद्रण करणे शक्य नसल्यामुळे दारे-खिडक्या लावून बसावे लागते आणि उन्हाळ्यात दुपारी खोलीचे तापमान ३५-३६ अंशांपर्यंत चढते, हेही लक्षात घ्यावे.

८० अंश हे प्रोसेसरला अपायकारक आहे का? पंखा असा वारंवार का उसळतो? दुकानदाराने लिक्विड कूलर बसवण्याचा सल्ला दिला आहे, परंतु त्याचा खर्च करण्यापूर्वी इथे विचारावे असे वाटले. आवाज पूर्ण बंद झाला नाही तरी चालेल; मात्र वाचन चालू असताना मध्येच पंखा वाढला, की तो परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो, आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षा जवळ आलेल्या असताना हा वेळ फार मोलाचा असतो.

प्रतिसाद १

सर्वप्रथम तापमानाची काळजी मनातून काढावी. ५६००जी या प्रोसेसरसाठी उत्पादकाने दिलेली कमाल मर्यादा ९५ अंश आहे, आणि त्या मर्यादेजवळ पोहोचताच तो स्वतःच आपला वेग कमी करून घेतो. ३६ अंशांच्या खोलीत, सर्व सहा गाभे (कोअर) कामाला लागलेले असताना ८० अंश हे अगदी अपेक्षित आहे. कूलर कोणताही असला तरी तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली एका अंशाने तापली, की प्रोसेसरही जवळजवळ एका अंशाने तापतो. हिवाळ्यात हेच यंत्र याच कामाला ६५ च्या आसपास दिसेल.

पंखा उसळण्याचे कारण वेगळे आहे. एखादे छोटे काम आले, की हा प्रोसेसर एका गाभ्याला जास्त व्होल्टेज देऊन त्याचा वेग काही क्षणांसाठी ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत नेतो. ती उष्णता सिलिकॉनच्या अगदी लहान भागात निर्माण होते, म्हणून तेथील संवेदक लगेच १५-२० अंश वर दाखवतो. त्या क्षणी हीटसिंकचे, म्हणजे कूलरच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाचे, पाते मात्र तापलेलेसुद्धा नसते, त्यामुळे पंखा जोरात फिरला तरी प्रोसेसरला त्याचा काही उपयोग होत नाही. उष्णता पात्यापर्यंत पोहोचेपर्यंत ते काम संपलेलेही असते. मदरबोर्डची मूळ मांडणी या क्षणिक चढउतारांच्या मागे धावते, आणि तुम्हाला ऐकू येतो तो या धावपळीचा आवाज.

म्हणून बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या मांडणीत) जाऊन सीपीयू फॅनचा आलेख, म्हणजे कोणत्या तापमानाला किती वेग हे, हाताने ठरवावा. ६८ अंशांपर्यंत पंखा एकाच वेगावर, साधारण ३५ टक्क्यांवर, सपाट ठेवावा. ७८ अंशांना ५५ टक्के आणि ८८ अंशांना १०० टक्के असा पुढचा चढ द्यावा. तिथेच पंख्याने वेग बदलण्यापूर्वी किती सेकंद थांबावे, याचा पर्याय बहुतेक बोर्डांवर असतो. तो उपलब्ध असेल तितका वाढवावा. तो नसल्यास फॅनकंट्रोल या मोफत प्रोग्रॅममध्ये ही सोय आहे. पंख्याचा वेग निम्म्यावर आणला, तर त्याचा आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने कमी होतो, आणि १० डेसिबलची घट कानाला जवळजवळ अर्धा आवाज झाल्यासारखी वाटते. त्यामुळे तापमान सात-आठ अंशांनी वाढू देऊन मिळणारी ही शांतता मला तरी फार स्वस्त वाटते.

प्रतिसाद २

मी ध्वनिमुद्रणाच्या बाजूने लिहितो, कारण तुमच्या कामात आवाज किती आहे यापेक्षा तो एकसारखा आहे की नाही, याला अधिक महत्त्व आहे. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममधील नॉइज रिडक्शन आधी निव्वळ शांततेचा एक नमुना घेते आणि तशाच आवाजाला सगळीकडून वजा करते. पंखा एकाच वेगाने फिरत असेल, तर हा नमुना पूर्ण प्रकरणाला लागू पडतो. मध्येच वेग बदलला, की आवाजाची पट्टीच बदलते, नमुना निरुपयोगी ठरतो, आणि जोर लावून साफसफाई केली तर शब्दांना पत्र्यासारखी किनार येते. ऐकणारा विद्यार्थी तासन्‌तास केवळ ऐकून अभ्यास करणार असतो, हे ध्यानात घेतले तर ही किनार त्याला किती थकवत असेल, याची कल्पना येईल. व्यावसायिक ऑडिओबुकांसाठी वाचनामधल्या शांततेची पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली असावी, असा एक प्रचलित निकष आहे. तो उद्दिष्ट म्हणून समोर ठेवावा.

ध्वनिमुद्रणापुरता आणखी एक उपाय आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ टक्के केला, तर प्रोसेसर मूळ वेगापेक्षा वर उडी मारत नाही. आवाज मुद्रित करायला इतकी शक्ती लागतही नाही. काम संपल्यावर तो पुन्हा १०० करावा. तसेच मायक्रोफोन कार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त आणि पाठीमागचा कमी घेणारा) असेल, तर त्याची पाठ कॅबिनेटकडे येईल असा तो ठेवावा, आणि कॅबिनेट टेबलावरून खाली व शक्य तितके लांब न्यावे.

धागाकर्तीचा खुलासा

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. आलेख सुचवल्याप्रमाणे बदलला आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी ९९ टक्क्यांची मर्यादा घातली. प्रोसेसरचा पंखा आता वाचन चालू असताना एका वेगावर स्थिर राहतो आणि तापमान ६० च्या आत आहे. परंतु तो शांत झाल्यावर आणखी एक घरघर ऐकू येऊ लागली, जी तापमान काहीही असले तरी तशीच राहते. फाइल काढताना तापमान आता ८५ पर्यंत जाते. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट बदलावी का, आणि कूलर घ्यायचाच झाला तर कोणता?

प्रतिसाद ३

तापमानाशी संबंध नसलेली घरघर बहुधा कॅबिनेटच्या पंख्यांची असावी. त्यांच्या वायरी कुठे गेल्या आहेत ते पाहावे. त्या थेट पॉवर सप्लायच्या मोलेक्स जोडणीवर असतील, तर पंखे कायम १२ व्होल्टवर पूर्ण वेगाने फिरतात. मदरबोर्डवर जोडलेले असतील आणि तीन पिनांचे असतील, तर त्या जोडणीचा प्रकार बायोसमध्ये पीडब्ल्यूएम (चौथ्या पिनेवरील संकेताने वेग ठरवणे) ऐवजी डीसी (व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवणे) करावा. कारण तीन पिनांच्या पंख्याला पीडब्ल्यूएमचा संकेत मिळतच नाही आणि तोही पूर्ण वेगाने फिरत राहतो. माझ्या पाहण्यातल्या अशा तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात.

पेस्टपूर्वी एक साधी चाचणी करावी. कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून तेच काम पुन्हा चालवावे. तापमान पाच-सात अंशांनी उतरले, तर दोष हवेच्या मार्गात आहे; पुढची जाळी धुळीने भरलेली असण्याची शक्यता मोठी. जाळी धुऊन पूर्ण वाळवावी, आणि ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, म्हणजे ते बेफाम फिरून बेअरिंग खराब होणार नाही. झाकण काढूनही फरक पडला नाही, तरच पेस्टकडे वळावे.

पेस्ट बदलताना एक खबरदारी अत्यंत आवश्यक आहे. तुमच्या प्रोसेसरच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, आणि पेस्ट वाळलेली असली तर कूलर सरळ वर ओढताना प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो व पिना वाकतात. म्हणून आधी काही मिनिटे जड काम चालवून पेस्ट ऊबदार करावी, यंत्र बंद करून वायर काढावी, चारही स्क्रू तिरप्या जोडीने थोडे थोडे सैल करावेत, आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत मोकळा करावा.

लिक्विड कूलरची गरज मला अजिबात दिसत नाही. हा ६५ वॉटचा प्रोसेसर आहे. शिवाय लिक्विड कूलरला पंपाचा स्वतःचा आवाज असतो आणि तो कधीच थांबत नाही. १२० मिलिमीटरच्या पंख्याचा साधा टॉवर कूलर पुरेसा आहे, कारण मोठा पंखा तेवढीच हवा कमी फेऱ्यांत हलवतो. तोही लगेच घेऊ नये. आधी बायोसमध्ये सीटीडीपी (प्रोसेसरची बदलता येणारी वॉटची मर्यादा) ४५ वॉटवर आणून पाहावे. ही सोय या प्रोसेसरला अधिकृतपणे आहे. फाइल निघायला थोडा जास्त वेळ लागेल, पण तापमान स्पष्टपणे उतरेल आणि वाचनाच्या कामात काहीही फरक जाणवणार नाही.

टॉवर घेतलाच, तर उंची तपासून घ्यावी. उदाहरणार्थ डीपकूल एके४०० हा १५५ मिलिमीटर उंच आहे, आणि अरुंद कॅबिनेटमध्ये तो झाकणाला लागू शकतो. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात सीपीयू कूलरची कमाल उंची दिलेली असते. ते हाताशी नसल्यास झाकण काढून प्रोसेसरच्या वरच्या पृष्ठभागापासून कॅबिनेटच्या कडेपर्यंत पट्टीने मोजावे आणि ती संख्या इथे लिहावी, म्हणजे नेमके मॉडेल सुचवता येईल.