अनुभव धागा: काट्यांत पडलेलं बी

सर्वांना सलाम.

येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला आपण संडे स्कूलपासून ऐकतोय. बायबलात मत्तय १३, मार्क ४, लूक ८. बी म्हणजे देवाचं वचन. वाटेवरचं बी पाखरं खातात, खडकाळीतलं उन्हानं करपतं. काट्यांतलं मात्र उगवतं, वाढतं, लांबून हिरवंगारही दिसत असेल. फक्त दाणा भरत नाही. मला वाटतं आपल्यातले बहुतेक जण तिथलेच. विश्वास सोडलेला नाही, रविवार चुकत नाही, नाताळात घरावर चांदणी लागते. आणि उपदेश चालू असताना डोक्यात घराचा हप्ता, मुलीचं ॲडमिशन, आईचा गुडघा. मार्क काट्यांची नावंही देतो: संसाराची चिंता, धनाचा मोह, इतर हव्यास. लूक त्यात सुखविलास घालतो. यातल्या चिंतेला तर कोणी पाप म्हणूनही मोजत नाही, उलट काळजी करणारा माणूस जबाबदार समजला जातो.

तुमच्या घरात हे कसं चालतं ते लिहा. नुसतं वचन चिकटवून जाऊ नका, वचनं सगळ्यांना पाठ आहेत.

वसईची सून

आमच्याकडे संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना. सासरे होते तोवर वेळ झाली की टीव्ही बंद, पाहुणा आला तरी तोही गुडघ्यावर. आता टीव्ही कोण बघतं? ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. जाऊबाईंनी युक्ती काढली. अल्तारापाशी सूप ठेवायचं, त्यात सगळ्यांचे मोबाइल पालथे. मधेच सूप थरथरतं, पोरं खुदखुदतात, सासूबाई डोळे वटारतात, पण हात कोणी घालत नाही.

माझी खरी अडचण मोबाइलची नव्हतीच. रोझरीच्या प्रत्येक भागात, म्हणजे रहस्यात, दहा नमो मारिया म्हणताना तोंड चालतं आणि मन घरभर फिरतं: सिलिंडर, भाडेकरू, धाकट्याची फी. फादरांना विचारलं तर म्हणाले, तीच काळजी रहस्याच्या आधी मोठ्यानं बोल. मग आम्ही पाच रहस्यांना पाच जणांनी आपापली काळजी सांगायची असं ठरवलं. एकदा धाकटा म्हणाला, "बाबांनी वाडी विकू नये म्हणून." सगळे गप्प. नवरा खाली बघत बसला. एजंट घरी येऊन गेला होता हे मला तेव्हा कळलं.

राहुरीकडचा

मी शेतकरी, लिहायची सवय नाही. कांदा करणाऱ्याला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. कांद्याची पात उभी आणि बारीक, तिची जमिनीवर सावली पडत नाही, म्हणून तण माजतं. ज्वारी वाढली की निदान स्वतःची सावली तरी धरते. कांद्याला खुरपणीशिवाय सुटका नाही. त्यात हरळी असेल तर विचारूच नका, वरून कापली तरी कांड्यांतून परत फुटते.

माझी हरळी म्हणजे बाजारभाव. डोळे उघडले की आधी लासलगाव, मग घोडेगाव, मग नगर. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा रात्र रात्र ग्रुपवर होतो. प्रार्थनेला बसलो तरी हात खिशाकडे. घरची मंडळी म्हणाली, तुमच्या बघण्यानं भाव चढत असता तर आपण केव्हाच बंगला बांधला असता. आता पहाटे पाणी धरायला जाताना फोन घरीच चार्जिंगला. वाफा भरेपर्यंत जेवढी स्तोत्रं आठवतील तेवढी म्हणतो. भाव बघायचा तो दुपारी जेवण झाल्यावर. काळजी आहे तेवढीच आहे, पण तिला वेळ ठरवून दिली.

विरार लोकल

मोबाइलला एवढं बडवू नका हो. कानात बायबल लावूनच मी अख्खा यशया संपवला. सकाळच्या गर्दीत कागदी पुस्तक उघडून दाखवा, मग बोलू.

अनामिक, पुणे

जरा वेगळं लिहितोय, राग नसावा. मला चिंतेचा आजार आहे. डॉक्टरांनी निदान केलेला, गोळ्या चालू असलेला. छाती धडधडते, हात गार पडतात. चर्चमध्ये दाराजवळची जागा धरून बसतो, बाहेर पडता यावं म्हणून. एका प्रार्थनासभेत मला सगळ्यांसमोर सांगण्यात आलं की विश्वास कमी पडतोय, गोळ्या बंद कर. बायकोनं हाताला धरून बाहेर आणलं.

चिंता करू नका असं फिलिप्पैकरांना लिहिणारा पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात, ११ व्या अध्यायात, सांगतो की सगळ्या मंडळ्यांची, म्हणजे चर्चची, काळजी त्याला रोज दाबते. ती ओळ मला अजून कोणी फॉरवर्ड केलेली नाही. मला धरून ठेवतो तो १ राजे १९ मधला संदेष्टा एलीया. झुडपाखाली बसून मरण मागणारा. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो, परत झोपतो, देवदूत परत उठवून खायला लावतो. देवाशी बोलणं होतं ते त्यानंतर. आमच्या पाळकांना हे सांगितल्यापासून ते भेटले की आधी विचारतात, झोप लागते का?

धागाकर्ता

पुणेकर दादा, लिहिलंत ते फार बरं झालं. आणि कोणी इथे गोळ्या बंद करायला सांगणार असेल तर ती पोस्ट उडवली जाईल.

माजी खजिनदार

काटे चर्चच्या आवारातही उगवतात. कापणीच्या सणाचा लिलाव, नाताळची वर्गणी, कमिटीची निवडणूक, कुंपणाच्या भिंतीचा खटला. तिकडे प्रभुभोजन चालू आणि मी मागच्या खोलीत नाणी मोजतोय. बायबलातली मार्था निदान घरी आलेल्या पाहुण्यासाठी, येशूसाठी, राबत होती! शेवटी दान उपासनेनंतरच मोजायचं असा ठराव मी मांडला. त्यावर जी भांडणं झाली तो वेगळ्या धाग्याचा विषय.

मिरजेची, सध्या कुवेत

मी इथे नर्स. सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमची उपासनाही शुक्रवारी. ड्यूटी लागली की तीही बुडते. पगार झाला की दिनारचा भाव बघत बसायचं, दोन पैशांनी चढेल म्हणून थांबायचं, तिकडे घरचे फोन करतायत. निवांत मनन वगैरे आमच्या नशिबात नाही. पण हात धुणं आहे. साबणानं धुवायचे तर जागतिक आरोग्य संघटना ४० ते ६० सेकंद सांगते. मी सेकंद मोजत नाही, प्रभूची प्रार्थना म्हणते, सावकाश, मराठीत. राज्य येवोला बोटांच्या फटी, रोजच्या भाकरीला अंगठे, क्षमेला नखं. पेशंट सीरियस असला की कुठवर आले तेच कळत नाही, मग पुन्हा पहिल्यापासून. सोबतच्या केरळच्या सिस्टरनं विचारलं, एवढा वेळ काय धुतेस? तिला सांगितलं. आता शेजारच्या नळावर मल्याळममध्ये चालतं.

राहुरीकडचा

वसईच्या ताई, वाडीचं काय झालं ते राहिलं की.

वसईची सून

दादा, विकली नाही अजून. नवरा एजंटला पुढच्या महिन्यात या म्हणतो, आणि दर महिन्याला हेच म्हणतो.