बेटावर पाय ठेवताना : कोल्हापूरकरांचे अनुभव

मंडळी, आमचा ग्रुप हिवाळ्यात एखाद्या बेटावर पक्षी-प्राणी बघायला निघायचं म्हणतोय. फोटो सगळेच टाकतात. मला त्याआधीचं हवंय : बॅगा कोण उघडतं, होडीतून उतरायचं कसं? बेट लांबचं असो की कोकणातलं, लिहा. नुसतं ‘नाद खुळा’ नको, तपशील द्या.

राजारामपुरीतून
मुलीकडे अमेरिकेत होतो, तिथून गॅलापागोस केलं. इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किमी आत, पॅसिफिकमध्ये. तपासणी विमानात बसायच्या आधीच, इक्वाडोरमधल्या ग्वायाकिल शहरात. बाहेरचं बी किंवा किडा बेटावर रुजला तर तिथलं मूळचं मरतं, म्हणून ताजी फळं, बिया चालत नाहीत. सौ.ची मळमळीवरची लिंबं तिथंच गेली. २० डॉलरचं ट्रान्झिट कार्ड, म्हणजे बेटांवर जायचं नोंदणीपत्र, तेही तिथंच घ्यायचं. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाची फी वेगळी : ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढाला २०० डॉलर, आधी १०० होती. रुपयांत हिशेब करत बसू नका.

विमान बाल्ट्रा बेटावर उतरतं. रखरखीत माळ, निवडुंग. यासाठी एवढ्या लांब आलो का, असं सौ. तोंडावर म्हणाल्या. मग बस, मग चिंचोळी खाडी होडीनं ओलांडून सांताक्रूझ बेट. तिथं धक्क्यावरच्या बाकावर सी लायन आडवा पसरलेला, आणि माणसं उभी! दोन मीटर लांब राहायचा नियम. तो जवळ आला तर मागं आपण सरकायचं. काळे इग्वाना सरडे शेवाळ खातात आणि अंगातलं जादा मीठ नाकातून फुर्रकन उडवतात. कॅमेरा सांभाळा.

बाकीच्या बेटांवर धक्का क्वचितच असतो. रबरी होडी वाळूजवळ नेतात आणि गुडघाभर पाण्यात उतरवतात. गाइडचा पंजा धरायचा नाही. त्यानं आपलं मनगट धरायचं, आपण त्याचं. आपल्या तालमीत धरतात तसं. एक हात ओला असला तरी सुटत नाही.

कसबा बावड्यातून
आम्ही जवळचेच. आंबोलीमार्गे वेंगुर्ला, निवतीहून होडी, समोर वेंगुर्ला रॉक्स. दीपगृह आहे, आणि गुहांत पाकोळी पक्ष्यांची मोठी वसाहत. घरटी लाळेची, परदेशात सुपासाठी त्यांना भाव, म्हणून चोऱ्या व्हायच्या. होडीवाल्यानं खडकाला एक फेरी मारली, लाटा बघितल्या आणि म्हणाला, “आज उतरूक गावाचा नाय.” आमच्यातला एकजण “पैसे दिलेत की!” म्हणून तापला. होडीवाल्या तात्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बरोबरच होतं त्यांचं, लाट खडकावर पुरुषभर चढत होती. पाकोळ्या होडीतूनच बघितल्या. परतताना डॉल्फिन दिसले, तेव्हा तो गप्प झाला.

शाहूपुरीतून
लक्षद्वीप, कोचीहून जहाजानं. परवाना आधी काढावा लागतो. आमचं जहाज खोल पाण्यातच थांबलं, तिथून लहान बोटीत. दोन्ही हिंदकळतात, खलाशी म्हणेल तेव्हाच पाय टाकायचा. पुढं लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात, हिरवी कासवं अगदी बोटीखालून जातात.

उत्तरेश्वर पेठेतून
भावांनो, आदल्या रात्री तांबडा-पांढरा नको. पंचगंगेत पट्टीचे पोहणारे होडीत आडवे झालेले बघितलेत मी. गोळी होडी सुटायच्या आधी घ्या, मळमळायला लागल्यावर उपयोग नाही.

धागाकर्ता
राजारामपुरीकर काका, पाण्यात उतरताना बुटांचं काय केलंत?

राजारामपुरीतून
पिशवीत टाकून गळ्यात. पायात पट्ट्याचे रबरी सँडल. कोल्हापुरी चप्पल घरीच ठेवा, खाऱ्या पाण्यात चामडं भिजलं की संपलं.