‘माझी थिअरी’ला मराठीत काय म्हणायचं?

(रसभंगाचा इशारा: खाली ‘लाइन ऑफ ड्यूटी’ या ब्रिटिश मालिकेतल्या काही गोष्टी उघड केल्या आहेत. शेवटचं नाव मात्र कुठेही लिहिलेलं नाही.)

गुन्हेतपासाची मालिका चालू असली की प्रत्येक भागानंतर आमच्या गप्पा रंगतात. खून कोणी केला, आतला माणूस कोण, तो फोन नेमका कोणाला गेला? बोलताना सगळेच म्हणतात, “माझी थिअरी अशी आहे की…” पण तेच लिहायला घेतलं की माझं अडतं. ‘माझा सिद्धांत असा आहे’ हे खटकतं, ‘माझा अंदाज’ फार हलकं वाटतं आणि ‘परिकल्पना’ प्रयोगशाळेतली वाटते. प्रेक्षक चार-पाच खुणा जुळवून जी गोष्ट रचतो, तिला नेमका शब्द कोणता? (खालची उत्तरं वेगवेगळ्या जणांची आहेत.)

* * *

सिद्धांत खटकतो ते योग्यच आहे. सिद्ध झाल्यावर शेवटी जे हाती उरतं तो सिद्धांत. वादात आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, येतो, खंडनमंडन होतं आणि मग सिद्धांत ठरतो. तिसऱ्या भागानंतर आपण जे बोलतो त्यातलं काहीच सिद्ध झालेलं नसतं. शास्त्रातल्या थिअरीला सिद्धांत म्हणायची सवय झाली, म्हणून तोच शब्द इथेही आला. इंग्रजीत त्या एका शब्दाला दोन अगदी वेगळे अर्थ आहेत. मराठीत ते एकाच शब्दात कोंबायचं कारण नाही.

* * *

मला वाटतं, नामांपेक्षा त्यांच्याबरोबरची क्रियापदं पाहावीत. अंदाज बांधतात, अटकळही बांधतात. तर्क लढवतात. अनुमान काढतात. उपपत्ती लावतात. नुसत्या क्रियापदावरून कळतं की कुठे किती आधार आहे. बांधलेली गोष्ट सुटू शकते. लढवलेला तर्क हरू शकतो. ‘काढणे’ म्हटलं की ते आधीच्या माहितीतून बाहेर काढलेलं असतं, हवेतून आणलेलं नसतं.

‘कयास’ही विसरू नका. अरबीतून आलेला, जुन्या कागदपत्रांतला भारदस्त शब्द. मूळ ‘कियास’मध्ये एका गोष्टीवरून दुसरी ताडून पाहण्याचा भाव आहे. मागच्या पर्वात लेखकाने काय केलं होतं त्यावरून या पर्वात काय करील हे सांगणाऱ्याला मी ‘कयास बांधला’ असंच म्हणेन.

आणि काहीच हाती नसताना फेकलेलं नाव म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे!

* * *

अनुमान या शब्दाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझा हा आवडता विषय आहे.

न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या जुन्या भारतीय शास्त्रात, ज्ञानाची चार प्रमाणं (साधनं) मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. अनुमानाचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असतं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. इथे धूर हा ‘हेतू’. म्हणजे शास्त्रातला हेतू हे निष्कर्षाचं कारण आहे, तर मालिकेतला तपास अधिकारी “हेतू काय असेल?” असं विचारतो तेव्हा त्याला गुन्हेगाराच्या मनातलं कारण हवं असतं. शब्द एक, कामं दोन. ‘आम्हांला हेतू सापडला’ असं वाक्य आलं तर संदर्भ पाहूनच अर्थ लावावा लागतो.

हेतू आणि साध्य (जे सिद्ध करायचं ते, इथे अग्नी) यांची अतूट सोबत, म्हणजे व्याप्ती, असेल तरच अनुमान टिकतं. जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी. ही सोबत एका ठिकाणी जरी तुटली तरी तो हेतू ‘सव्यभिचार’ ठरतो, म्हणजे सदोष. (व्यभिचार या शब्दाचा आजचा अर्थ इथे मनात आणू नका. नियम सोडून भरकटणं, एवढाच मूळ भाव.)

याचं इतकं चोख उदाहरण ‘लाइन ऑफ ड्यूटी’त आहे की मी चकित झालो होतो. पोलीस दलातला भ्रष्ट सूत्रधार संगणकावरून निरोप पाठवतो आणि ‘डेफिनेटली’ या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकवतो, दुसऱ्या ‘आय’च्या जागी ‘ए’. पाचव्या पर्वात हेस्टिंग्ज हा वरिष्ठ अधिकारी त्या सूत्रधाराचं सोंग घेऊन निरोप लिहितो आणि तीच चूक करतो. झालं, प्रेक्षकांनी त्यालाच पकडलं. चूक हा हेतू, सूत्रधार असणं हे साध्य. पण हेस्टिंग्जने ती चूक मुद्दाम उचलली होती, सोंग पटावं म्हणून. धूर दिसला, अग्नी नव्हता. सहाव्या पर्वात मात्र तीच चूक खऱ्या माणसापर्यंत पोहोचवते, कारण तिथे ती त्याच्या स्वतःच्या जुन्या लेखनातही सापडते.

एका चुकलेल्या अक्षरावर दोन पर्वं उभी राहतात, हे भाषेवर प्रेम करणाऱ्या माणसाला केवढं सुख आहे!

* * *

त्याच मालिकेतलं ‘एच’ प्रकरणही इथे घ्यायलाच हवं. मरणाच्या दारातल्या एका अधिकाऱ्याच्या जबाबावरून 2017च्या पर्वात त्या छुप्या सूत्रधाराची खूण म्हणून ‘एच’ हे अक्षर पुढे आलं. अक्षर म्हणजे नावाचं आद्याक्षर, असं प्रेक्षकांनी धरून टाकलं. हेस्टिंग्ज, हिल्टन… एच असलेला प्रत्येक जण संशयित झाला. 2019च्या पर्वाच्या शेवटी उलगडा झाला की मरताना तो बोटांनी टकटक करत होता. मॉर्स लिपीत चार टिंबं म्हणजे एच. त्याला अक्षर नव्हे, आकडा सांगायचा होता. आतली माणसं चार.

‘आद्याक्षरच असणार’ हे जे सगळ्यांनी न तपासता धरलं, त्याला नेमका मराठी शब्द आहे: गृहीतक. गृहीतक आणि अटकळ यांत लोक फार गोंधळ करतात. अटकळ आपण जाणून बांधतो. गृहीतक बहुतेकदा आपल्या नकळत पायाखाली असतं, आणि कसलेला पटकथाकार नेमका तिथेच सुरुंग लावतो.

* * *

‘संशयित’ आला म्हणून थोडक्यात: ज्याच्यावर संशय आहे तो संशयित, संशय येण्याजोगं ते संशयास्पद आणि सतत संशय घेणारा तो संशयी. मालिकांच्या मराठी परिचयांत ‘संशयी नवरा’ हे ‘संशयित नवरा’ या अर्थाने वाचलं आहे, आणि त्याने अख्खं कथानक बदलतं. आरोपीही सरसकट वापरू नये. आरोप ठेवल्यावर आरोपी, गुन्हा शाबीत झाल्यावर गुन्हेगार.

* * *

मूळ प्रश्नाकडे वळते. माझं मत ‘उपपत्ती’ला. जुन्या मराठी वैचारिक लेखनात हा शब्द अगदी याच कामाला वापरलेला दिसतो: समोरच्या सगळ्या गोष्टींची संगती लागेल असं कारण मांडणं. एखादं नाव घेतलं की झाली अटकळ. पण ‘तोच असेल तर पहिल्या भागातला फोन, बदललेला शर्ट आणि बहिणीचं मौन या तिन्हींचा अर्थ लागतो’ असं म्हटलं की ती उपपत्ती.

मीमांसकांची, म्हणजे मीमांसा या दुसऱ्या दर्शनाच्या पंडितांची, ‘अर्थापत्ती’ याच्या अगदी जवळची. देवदत्त लठ्ठ आहे, तो दिवसा जेवत नाही, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. रात्री जेवताना त्याला कोणी पाहिलेलं नाही, पण तसं मानल्याशिवाय आधीच्या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. मीमांसक हिला स्वतंत्र प्रमाण मानतात, नैयायिक (न्यायदर्शनवाले) तिला अनुमानातच घालतात. रात्र रात्र जागून मालिका पाहणारे आपण सगळे त्या देवदत्ताच्याच मागावर आहोत. रोजच्या बोलण्यात मात्र अर्थापत्ती चालणार नाही. उपपत्ती चालेल.

* * *

उपपत्ती लेखात चालेल, बोलण्यात जड जाईल. माझ्या आठवीतल्या मुलीला मी “तुझी उपपत्ती काय?” असं विचारलं तर ती माझ्याकडे बघत राहील. “तुझा तर्क काय?” हे तिला कळतं. शास्त्रातला तर्क वेगळा असेल, पण रोजच्या मराठीत ‘तर्क’ थिअरीच्या सगळ्यांत जवळ आहे. शिवाय त्याचं गोत मोठं आहे: तर्कवितर्क, कुतर्क, तर्कट. ओढूनताणून बसवलेल्या थिअरीला ‘तर्कट’ म्हणता येतं, ही सोय उपपत्तीत कुठे आहे?

* * *

हे मान्य, ताई. बोलताना तर्क, मांडताना उपपत्ती. शास्त्रातला तर्कही फार लांब नाही. ‘अग्नी नसता तर धूरही नसता’ अशी उलटी बाजू दाखवून अनुमानाला बळ देतो तो तर्क. ‘ती दोषी असती तर स्वतःहून पोलिसांकडे गेली नसती’ हे आपण म्हणतोच की.

* * *

एक शब्द मला सुचवायचा आहे. पटकथाकार मुद्दाम पेरतो ती खोटी खूण, तिला ‘चकवा’ म्हणावं. लोकसमजुतीत चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि फिरून त्याच जागी येतो. खोट्या खुणेमागे गेलेल्या प्रेक्षकाचं तंतोतंत हेच होतं. ‘दिशाभूल’ बरोबर आहे, पण त्या शब्दात गंमत नाही, तक्रार आहे. ‘हूल’ क्षणापुरती असते: दार वाजतं, पार्श्वसंगीत चढतं, आणि बाहेर शेजारीण. चकवा मात्र चार-चार भाग पुरतो. ‘हुलकावणी’ गुन्हेगार पोलिसांना देतो. ती कथेच्या आतली गोष्ट. चकवा लेखक आपल्याला देतो.

* * *

चकवा फार आवडला, आजपासून वापरणार. खऱ्या खुणेला मग ‘सुगावा’ आहेच. फक्त सुगावा ‘लागतो’, तो कोणी ‘देत’ नाही. ‘लेखकाने सुगावा दिला’ असं लिहू नये. लेखक खूण ठेवतो, आपल्याला सुगावा लागतो. आणि छडा लावायचा तो तपास अधिकाऱ्याने.

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार. मला एक शब्द हवा होता, त्याऐवजी अख्खं घराणंच मिळालं. आता एकच उरलं. मी वर ‘रसभंगाचा इशारा’ असं लिहिलं ते स्पॉयलरसाठी. काही जण ‘रहस्यभेद’ म्हणतात, पण रहस्याचा भेद करणं हे तर तपास अधिकाऱ्याचं काम, आणि तेच पाहायला आपण बसतो. ‘गौप्यस्फोट’ बातम्यांनी वापरून वापरून झिजवला. वाईट वाटतं ते रहस्य फुटल्याचं नाही, आपला रस गेल्याचं, म्हणून मला रसभंगच बरा वाटतो. यापुढे काही लिहिताना पहिल्या ओळीत ‘रसभंग’ आणि पुढे पर्व व भागाचा क्रमांक टाकत जाईन.