१२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद, पण दिवस खरंच एकच का?

खडूवाले गुरुजी
नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, परिपाठातला दिनविशेष रोज फळ्यावर मीच लिहितो. परवा १२ जानेवारी, म्हणजे राजमाता जिजाऊ (१५९८) आणि स्वामी विवेकानंद (१८६३), दोन फोटो, दोन हार, एकच नारळ. तर सातवीतली एक पोरगी उठली आणि म्हणते गुरुजी, विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा असं तुम्हीच सांगितलं, मग संक्रांत तर परवा आहे, आणि जिजाऊंचा पौष पौर्णिमेचा म्हणता, आमच्या घरच्या कॅलेंडरवर आज पौर्णिमा नाहीये. मी आपलं नेहमीचं "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. पण ती सोडणारी नाही. एका तारखेखाली आपण जे दोन-दोन प्रसंग लिहितो ते खरंच एका दिवसाचे असतात का? कोणी नीट सांगेल का?

पंचांगवाला
गुरुजी, पोरीला आधी शाबासकी द्या. मूळ कागदात तारीख नसतेच, तिथी आणि शक असतो, तारीख नंतर अभ्यासकांनी काढलेली. आणि इथंच घोळ आहे, कारण इंग्रजी कॅलेंडर दोन. जुनं ज्युलियन आणि १५८२ मध्ये पोपनं सुधारलेलं ग्रेगोरियन, जे आज आपण वापरतो. इंग्रजांनी नवीन घेतलं थेट १७५२ ला, तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. आपल्याकडं शिवकाळाच्या तारखा रूढ झाल्या त्या जुन्या, ज्युलियन. त्यामुळं जिजाऊंची १२ जानेवारी म्हणजे आजच्या हिशोबानं २२ जानेवारी १५९८, आणि त्या दिवशी पौर्णिमा बरोब्बर बसते. विवेकानंदांची १२ जानेवारी मात्र नव्या कॅलेंडरची. म्हणजे दोघांच्यात दहा दिवसांचं अंतर आहे, नारळ दोन आणायला हवे होते 😄

१९ फेब्रुवारीचंही तेच. शिवजयंती जुन्या हिशोबाची आणि गोपाळ कृष्ण गोखले गेले (१९१५) ती नव्या. राज्याभिषेकाला रायगडावर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हजर होता, त्याच्या लेखी ती ६ जून १६७४. त्याच दिवशी गोव्यात पोर्तुगीज कारकून १६ जून लिहीत बसला असणार, कारण पोर्तुगालनं नवीन कॅलेंडर पहिल्याच झटक्यात घेतलं होतं. सूर्य एकच, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी एकच, तारखा दोन.

पानिपतकर नाही पण
संक्रांतीचं मी सांगतो, हा माझा आवडता विषय आहे, घरचे वैतागलेत. संक्रांत १४ जानेवारीला चिकटलेली नाही. आपलं राशींवरचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा साधारण २० मिनिटांनी मोठं आहे, ती २० मिनिटं साठत साठत ७२ वर्षांत एक दिवस होतो. म्हणून १८६३ ला संक्रांत १२ तारखेला होती आणि आता कधी कधी १५ ला जाते. पोरगी बरोबर, तुम्हीपण बरोबर.

आणि आता कोणी चिडू नका, पण पानिपतावर संक्रांत कोसळली हे बोलायला ठीक आहे. लढाई १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. ती तारीख नव्या कॅलेंडरचीच आहे, पण त्या वर्षी संक्रांत चारेक दिवस आधीच होऊन गेली होती. आपण आजची १४ तारीख उचलून मागं चिकटवली. म्हण इतकी घट्ट बसलीय की मी हे सांगितलं की लोक माझ्याकडंच संशयानं बघतात.

वाळव्याची सून
अहो पण खरेखुरे योगायोगपण असतात की, सगळंच मोडीत काढू नका. १ ऑगस्ट १९२० बघा. मुंबईत सरदारगृहात मध्यरात्र उलटल्यावर लोकमान्य टिळक गेले, असहकार चळवळ सुरू करायची म्हणून गांधीजींनी तीच तारीख आधीच ठरवून ठेवलेली, आणि इकडं आमच्या वाळवा तालुक्यात वाटेगावला त्याच दिवशी अण्णाभाऊ साठे जन्मले. वर्षही तेच, कॅलेंडरही तेच. आमच्याकडं १ ऑगस्टला दोन फोटो असतात तेव्हा मला दरवेळी वाटतं की चौपाटीवर ती एवढी गर्दी लोटली होती तेव्हा हे बाळ काही तासांचं असेल नाहीतर अजून यायचं असेल. (शाळा अण्णाभाऊंच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस आली, हे पण पोरांना सांगा.)

दुसरं म्हणजे २६ जानेवारीला योगायोग म्हणू नका. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं होतं, पण लागू करायला मुद्दाम थांबले कारण १९३० ला २६ जानेवारीलाच पूर्ण स्वराज्याचा दिवस पाळला होता. आमचे सासरे याला "धरून आणलेली तारीख" म्हणतात.

पंचांगवाला
ताई, १ ऑगस्टचं एकदम मान्य. फक्त एक खोडी काढतो. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, त्यामुळं मध्यरात्रीनंतर गेलेले टिळक पंचांगाच्या हिशोबानं आदल्याच दिवसातले. स्वतः टिळक पंचांगाच्या शुद्धीवर इतके भांडले, त्यांना हा वाद आवडला असता.

खडूवाले गुरुजी
सगळ्यांचे आभार. आज वर्गात घेतलं आणि एक गंमत झाली. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडची घडामोडींची जुनी नोंद) शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, वार शुक्रवार आहे. नव्या हिशोबानं ती १ मार्च १६३० येते. मी म्हटलं वार तपासा. नव्या कॅलेंडरच्या ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस होतात, पोरांनी फळ्यावर सातनं भागलं, बाकी शून्य, म्हणजे ४०० वर्षांनी तोच वार यायला पाहिजे. मग मोबाईलवर २०३० साल उघडलं. १९ फेब्रुवारीला मंगळवार, आणि १ मार्चला शुक्रवार! वर्गात जो काय गलका झाला, शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या.

मग तीच पोरगी विचारते, गुरुजी तुमचा वाढदिवस कधी? म्हटलं १ जून. तर म्हणते माझ्या आजोबांचा पण १ जून, मागच्या बाकावरच्याच्या आजीचा पण १ जून. आता हिला कसं सांगू की हेडमास्तरांनी दाखल्यावर सगळ्यांनाच एका दिवशी जन्माला घातलं होतं 🙏