पर्फ लावला की सर्व्हर मंदावतो: प्रोफाइलिंगचा ओव्हरहेड कमी कसा करायचा?

प्रश्न
६४ कोअरच्या लिनक्स सर्व्हरवर पूर्ण सिस्टिमचं प्रोफाइलिंग (कुठला कोड किती वेळ खातो याची नोंद) कायम चालू ठेवायचं आहे, त्यासाठी लिनक्सचं पर्फ हे साधन वापरतोय. 'पर्फ रेकॉर्ड -ए --कॉल-ग्राफ ड्वार्फ' सुरू केलं की रिस्पॉन्स टाइम वाढतो, डेटा फाइल बघता बघता फुगते आणि कर्नल लॉगमध्ये 'इंटरप्ट टुक टू लाँग' म्हणत सॅम्पल रेट (सेकंदाला किती वेळा नोंद घ्यायची तो दर) उतरवल्याची ओळ येते. 'पर्फ_सीपीयू_टाइम_मॅक्स_पर्सेंट' वाढवावं का?

उत्तर १
नका वाढवू. ते मुळातच २५ असतं, म्हणजे सीपीयूचा पाव वेळ सॅम्पलिंगच्या इंटरप्टला द्यायला कर्नल आधीच तयार आहे. लॉगमधली ओळ हे लक्षण झालं, दुखणं ड्वार्फमध्ये, म्हणजे डीबग माहितीवरून फंक्शन कॉलची साखळी नंतर जुळवण्याच्या पद्धतीत आहे. या पद्धतीत कर्नल युजर स्टॅक (प्रोग्रामचे चालू कॉल जिथे साठतात ती मेमरी) उलगडत बसत नाही. दर सॅम्पलला त्याचे ८१९२ बाइटपर्यंत उचलून बफरमध्ये टाकतो. त्यात सॅम्पल रेट ठरवणारं -एफ दिलं नाही तर हल्लीच्या पर्फमध्ये रेट ४००० हर्ट्झ. सगळे कोअर कामात असले तर ६४ × ४००० × ८१९२, म्हणजे सेकंदाला जवळपास २ जीबी!

'-एफ ९९' द्या, तेच ५२ एमबीवर येतं. १०० न देता ९९ अशासाठी, की १०० हर्ट्झने चालणाऱ्या टायमरच्या तालात सॅम्पल पडले तर तोच तो कोड दिसत राहतो.

त्यानंतर ड्वार्फ सोडून फ्रेम पॉइंटरवर (एका कॉलच्या फ्रेमवरून मागच्या कॉलच्या फ्रेमकडे नेणारा पत्ता) या. मग सॅम्पलमध्ये फक्त पत्ते जातात: ३० फ्रेमना २४० बाइट. प्रोग्राम 'नो-ऑमिट-फ्रेम-पॉइंटर' लावून बिल्ड करावा लागेल, आणि लायब्रऱ्याही. एखादी तशी नसेल तर साखळी तिथेच तुटते.

उत्तर २
इव्हेंट (मोजायच्या घटना) किती मागताय तेही बघा. त्या मोजणारे सीपीयूतले हार्डवेअर काउंटर मोजकेच असतात. जास्त मागितले की कर्नल ते आळीपाळीने फिरवतो, त्या अदलाबदलीचाही खर्च असतो. एकूण आकडे दाखवणाऱ्या 'पर्फ स्टॅट'मध्ये ओळीच्या शेवटी १००पेक्षा कमी टक्के दिसले तर तो आकडा अंदाजाने वाढवून दिलेला आहे, पूर्ण वेळ मोजलेला नाही. एक्स८६वर (इंटेल-एएमडीचे सीपीयू) अडकलेला सीपीयू ओळखणारा एनएमआय वॉचडॉग सहसा एक काउंटर अडवून ठेवतो. 'कर्नल.एनएमआय_वॉचडॉग' ० केलं की तो मोकळा होतो, पण मग हार्ड लॉकअप (सीपीयू इंटरप्टलाही दाद न देता अडकणं) पकडला जाणार नाही. प्रॉडक्शनवर मी तरी तो चालूच ठेवेन.

प्रश्नकर्ता
आभार. याच सर्व्हरवर 'शेड_स्विच'ला (सीपीयू एक काम सोडून दुसरं घेतो तिथला कर्नलमधला ट्रेसपॉइंट, म्हणजे नोंदीची जागा) बीपीएफ प्रोग्रामही (कर्नलमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) जोडायचा आहे. तो कितपत जड पडेल?

उत्तर ३
ट्रेसपॉइंट बंद असतो तेव्हा तिथे नुसता नॉप (काहीच न करणारी सूचना) असतो, त्यामुळे खर्च जवळजवळ शून्य. चालू केल्यावर मात्र दर कॉन्टेक्स्ट स्विचला, म्हणजे कामाच्या दर अदलाबदलीला, तुमचा प्रोग्राम पळणार. म्हणून एकेक घटना युजर स्पेसला पाठवू नका. पर-सीपीयू मॅपमध्ये (दर कोअरला वेगळी जागा असलेला बीपीएफचा तक्ता) हिस्टोग्राम भरा आणि १० सेकंदांनी एकदा वाचा. साधा मॅप घेतलात तर ६४ कोअर एकाच कॅश लाइनसाठी (कॅशमधला मेमरीचा छोटा तुकडा) भांडतील.

खर्च मोजायचा तर 'कर्नल.बीपीएफ_स्टॅट्स_एनेबल्ड' १ करा, 'बीपीएफटूल प्रोग शो'मधल्या एकूण नॅनोसेकंदांना रन काउंटने भागा. मोजून झालं की ते परत ० करा, कारण ही मोजणीसुद्धा प्रत्येक रनवर वेळ खाते.