मदत हवी आहे: पश्चिमेची बाल्कनी, बोअरचं पाणी, आणि मेलेली रोझमेरी (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहते. बाल्कनी नऊ बाय चार, तोंड पश्चिमेला. दुपारी दोन ते सहा सरळ ऊन. मे महिन्यात कठड्याला हात लावला की चटका बसतो. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, बाकी सगळं सोसायटीच्या बोअरवर. ते इतकं जड की डाळ शिजत नाही आणि बादलीला पांढरा थर धरतो. हे आधीच सांगून टाकते, कारण यूट्यूबवरचे बागवाले सगळे पुण्या-बंगळुरात राहतात असं दिसतंय.

हौस जुनी, अनुभव शून्य. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेहून येताना एका रोपवाटिकेत शिरले आणि रोझमेरी, लॅव्हेंडर आणि किडे खाणारी घटपर्णी घेऊन आले. "शेतातल्या मातीइतकं झाड दुसऱ्या कशात पोसत नाही," असं म्हणत मोहोळच्या दिरांनी शेतातली पोतंभर काळी माती आणून दिली. पाणी वाचवायचं म्हणून आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी घालत होते. घटपर्णी फेब्रुवारीतच वाळली. लॅव्हेंडर एप्रिलमध्ये गेली. रोझमेरी परवा. सासूबाई रोज कुंड्यांकडे बघून म्हणतात, "ह्यात शेंगा लावल्या असत्या तर चटणी तरी झाली असती."

आता पावसाळा तोंडावर आहे. पुन्हा सुरुवात करायची आहे, पण काय लावू? स्वयंपाकाला चार वासाची पानं हवीत, आणि एक-दोन झाडं अशी की आलेला माणूस "हे काय आहे?" असं विचारेल. माती आणि पाण्याचं काय करू?

– कुंडीवाली

अंबाडी_प्रेमी: ताई, आधी घटपर्णीचं दुःख सोडा. आपल्या देशात ती मूळची मेघालयातल्या खासी टेकड्यांची, पावसात भिजणारी. हवेत ओल पाहिजे आणि पाण्यात क्षार नको. सोलापुरात दोन्ही उलटं. लॅव्हेंडरलाही आपला उन्हाळा सोसत नाही. रोझमेरीचं मात्र वाईट वाटलं, तिला ऊन आवडतं. तुमची तिची गाठ काळ्या मातीनं तोडली. ती शेतात सोनं, कुंडीत शाप. ओली झाली की फुगते, पाणी धरून बसते, वाळली की विटेसारखी आवळते. झाड उपटून मुळं बघा, काळी-मऊ असतील तर पाण्यानं कुजली.

सुरुवात अशी करा. गवती चहा (शेजाऱ्याकडून दोन फुटवे मागा, विकत घेऊ नका) आणि ओव्याच्या पानांचं झाड. हे पान म्हणजे खरा ओवा नव्हे, पण वास तोच, आणि भजी झकास होते. त्याची पानं मांसल असतात, दोन दिवस पाणी चुकलं तरी रुसत नाही. पुदिना मंडईतल्या जुडीतून लावा: जाड दांड्या निवडून ग्लासात पाण्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. त्याला मात्र वेगळी पसरट कुंडी आणि सावलीचा कोपरा, नाहीतर शेजाऱ्यांची जागा खातो. कोथिंबीर आता नकोच. उन्हात सरळ फुलावर जाते, ऑक्टोबरची वाट बघा.

आणि बेसिलच्या (परदेशी तुळशीच्या) बियांचं महागडं पाकीट घेणार असाल तर थांबा. फालुद्यातला सब्जा त्याचाच भाऊबंद. किराणा दुकानातून दहा रुपयांचा आणा, पेरा, तुरा आला की खुडत राहा.

मातीमळ्या: मातीचं मी सांगतो. लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जुनं शेणखत किंवा गांडूळखत समान भाग, वर दोन मुठी वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट दोनदा धुऊन पिळून घ्या, त्यात मीठ असतं. रोझमेरी पुन्हा आणलीत तर तिच्या कुंडीत वाळू दुप्पट. काळी माती दिरांना परत द्या. रागावले तर चहा पाजा.

आरओचं टाकाऊ पाणी झाडांना अजिबात नको. मशीन चांगलं पाणी गाळून घेते आणि उरलेल्यात क्षार दाट होतात. पानांची टोकं जळतात ती त्यानंच. कूलरच्या टाकीतल्या पाण्याचीही तीच गत, उडून उडून दाट झालेलं असतं. एसी असेल तर त्याच्या नळीखाली बादली लावा, ते पाणी जवळजवळ बिनक्षाराचं. पावसाचं पाणी पिंपात साठवा. बोअरचंच घालावं लागलं तर महिन्यातून एकदा पावसाचं किंवा नळाचं पाणी भरपूर ओतून कुंडी धुऊन काढा, खालून वाहू द्या.

माईआजी: अप्रूपाची झाडं विचारलीस ना गं? निळी गोकर्ण लाव. फुलं गरम पाण्यात टाक, निळा चहा होतो, वरून लिंबू पिळलंस की जांभळा. पाहुणे चमचा हातात घेऊन बघत बसतात. दुसरं अडेनियम, बुंधा फुगीर, त्यातच पाणी साठवतं, म्हणून आपल्या उन्हाला घाबरत नाही. पावसात मात्र आत घे. आणि मरवा लावायला विसरू नकोस. गजऱ्यातला. नुसता हात फिरवला तरी वास दिवसभर राहतो. अंबाडीच्या आठ-दहा बिया पसरट टबात टाकून बघ, आपल्या पूर्व भागात तिची चटणी घराघरात होते, उन्हाचं तिला काही वाटत नाही.

कुंडीवाली: सगळ्यांचे आभार! रोझमेरी उपटली, मुळं काळी आणि आंबूस वासाची. अंबाडी_प्रेमी, तुम्ही बरोबर निघालात. पुदिन्याच्या दांड्या ग्लासात ठेवल्यात, सासूबाईंनी त्यातल्या दोन चटणीला काढून घेतल्या. आता फक्त उन्हाला आडोसा म्हणून हिरवी जाळी राहिली. पन्नास टक्के ऊन अडवणारी घेऊ ना? कठड्याच्या आतून बांधायची की बाहेरून?

मातीमळ्या: पन्नासचीच. बाहेरून बांधा, म्हणजे कठडाही कमी तापतो. चारही कोपरे तारेनं आवळा. आमची गेल्या वळवाच्या वाऱ्यात समोरच्या गच्चीवर गेली, अजून तिथंच आहे.